आधी संध्याकाळ सांगा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. मैत्रिणींबरोबर शनिवार-रविवार संभाजीनगरला जायचं ठरवलंय, तू राहून आलीयस ना तिथं मावशी, मग सांग काय काय बघू. मला विचारलं खरं, पण माझं ऐकायला थांबतंय कोण! तिनंच भराभरा वाचून दाखवलं. अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की, खुलताबाद आणि जमलंच तर पैठण. सगळं दोन दिवसांत. मी ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ते राहू दे. संध्याकाळी जेवायला कुठं, ते आधी सांग."

ती म्हणाली, "मावशी, तुला भूक लागलीय का?"

मला हसूच फुटलं. तो प्रश्न माझा नव्हताच मुळी. तो आबांचा.

आबा म्हणजे आमचे तिथले घरमालक. बँकेनं माझी बदली कोल्हापूरहून त्या शहरात केली तेव्हा मी आणि माझा नवरा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. आबा मूळचे कन्नडकडचे, गावाकडं जमीन आणि भरपूर भाऊबंद. हे मात्र शहरात येऊन आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत राहिले. उंच, किडकिडीत, कानांवर केसांचे झुपके. शहराला नवं नाव असो की जुनं, त्या वादात आबा पडायचे नाहीत. ते नुसतं 'शहर' म्हणायचे. जगात दुसरं शहर नसल्यासारखं.

घर बघायला गेलो त्या दिवशी भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं आणि त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. "पाहुणे येतात का तुमच्याकडं?"

मला वाटलं, नको असतील. घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, फारसं कोणी नाही."

"येतील," आबा म्हणाले. "ह्या शहरात बदली झालेल्या माणसाला कुठनं कुठनं नातेवाईक फुटतात. लेणी बघायची असतात त्यास्नी. आले की आधी मला सांगायचं. बेत मी करून देईन."

आणि झालंही तसंच. पहिल्या दिवाळीच्या आत माझ्या सासरची अशी अशी माणसं आली, जी आमच्या लग्नालाही आली नव्हती.

आबांचा बेत सुरू व्हायचा संध्याकाळपासून. परत येऊन कुठं जेवणार, ते आधी ठरायचं. मग तिथून उलटं मोजत मोजत सकाळपर्यंत. त्याचं कारण ते शाळेच्या सहलींचं सांगायचे. "पोरं गाडीत चढवायला काय अक्कल लागते? सकाळी सगळेच शाहणे असतात. पण संध्याकाळी शाळेच्या फाटकात आया उभ्या राहायच्या ना. त्यांच्या हातात पोरगं द्यायचं, ते पहिलं ठरवायचं. मग किल्लाबिल्ला."

संध्याकाळचं जेवण मात्र घरीच पाहिजे, हा नियम. हॉटेलात जेवायचं असेल तर आबा बेत करायलाच तयार नसत. हॉटेलात माणूस काय बघितलं ते बोलत नाही, पनीर कधी येतंय ते बघतो, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळ ठरली की प्रश्न सुरू. नळाला पाणी कधी? त्या शहरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यामुळं पाहुणे नळाच्या दुसऱ्या दिवशी यावेत. मी कोल्हापूरची, पाण्याचा विचार करून माणसं बोलवायची असतात हे मला तिथं कळलं. मग, गुडघे कुणाचे दुखतात? घाट कुणाला लागतो? आणि शेवटचा, "भुकेनं कोण चिडतं?" पाहुणे एकमेकांकडं बघायला लागायचे. बायका नवऱ्याकडं बोट दाखवायच्या. आबा त्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्या खिशात फुटाण्याची पुडी घालायचे आणि म्हणायचे, "हे तुमचं औषध. घरच्यांच्या भल्यासाठी."

आणखी एक खोड म्हणजे चपला. दारात काढलेल्या चपला ते वाकून उलट्या वळवून ठेवायचे, टाचा घराकडं, बोटं रस्त्याकडं. स्वतःच्याच नव्हे, आल्यागेल्या सगळ्यांच्या. जाताना माणसाला नाहक तकलीफ नको. नवा माणूस ओशाळायचा, अहो राहू द्या आबा, तुम्ही कशाला. आबा ऐकतील तर शपथ.

मकबऱ्यावर ते उन्हं उतरल्यावरच पाठवायचे आणि जाताना दम भरायचे, ताजमहालाशी तोलायचं नाही. "ते नवऱ्यानं बायकोसाठी बांधलं. हे लेकानं आईसाठी. लेकरांची ऐपत तेवढीच असते. संगमरवर कुठं संपलाय ते मोजत बसू नका."

माझे इचलकरंजीचे भावजी मात्र आबांना भारी पडले. दिवसभराची गाडी केली होती आणि अजिंठ्यापासून पाणचक्कीपर्यंत सगळं त्याच दिवशी बघायचं होतं. आबांनी समजावलं, ओट्यावरच्या धुळीत बोटानं रस्ते काढून दाखवले. भावजी म्हणाले, गाडीचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत. तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "मग असं करा, बाजारातनं फोटो घ्या. लई बेहतर पडंल." भावजी गेलेच. रात्री परत आले तेव्हा बहिणीचं डोकं दुखत होतं, तिच्या सासूबाई बोलत नव्हत्या आणि भावजी स्वतः गाडीतून उतरताना धडपडले.

आबा वाट बघत ओट्यावर बसलेले. काय बघितलं, असं ते कधीच कुणाला विचारत नसत. त्यांचा प्रश्न वेगळाच. "काय राहिलं बघायचं?"

भावजींनी छाती काढली. "काही नाही राहिलं! सगळं उरकलं."

आबांचा चेहरा पडला. "अरेरे," म्हणाले, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे, आणि उठून आत गेले. मला नंतर म्हणाले, "मॅडम, काहीतरी राहायला पाहिजे. राहिलं तर माणूस परत येतंय. तुमचे भावजी आता कशाला यायलेत?"

खरंच, ते आजतागायत आले नाहीत. मी आबांचे मनातल्या मनात आभार मानले.

बेत आबांचा असला की संध्याकाळचं जेवण बहुतेक वेळा खाली त्यांच्याच घरी व्हायचं. काकू, म्हणजे आबांची बायको, सुगरण. सतरंजी टाकून पंगत बसायची, आबा स्वतः वाढायचे आणि पंगतीत कधी बसायचे नाहीत. यजमानानं शेवटी जेवायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. सगळ्यांची जेवणं झाली, हात धुऊन झाले, की मग ते आणि काकू स्वयंपाकघरात बसून खायचे. आग्रह करून दमलो आम्ही. शेवटी सोडून दिलं.

आता झाडांचं सांगते. आबांच्या अंगणात जास्वंद, मोगरा, एक पेरूचं झाड. ज्या शहरात लोक भांडी घासलेलं पाणी जपून ठेवतात, तिथं ह्या झाडांच्या मुळाशी कायम चिखल. जास्वंद तर चक्क सडली होती. मी एकदा काकूंना विचारलं, आबा एवढे हिशोबी, मग झाडांना इतकं पाणी कशाला घालतात?

काकू म्हणाल्या, "लेकीचा फोन आला की घालतात."

मला आधी कळेना. मग लक्षात यायला लागलं. काकूंचा फोन वाजला, "हां बोल गं" असा त्यांचा आवाज आला, की आबा उठायचे. झारी भरायची आणि अंगणात जायचं. मुलीचं बोलणं अर्धा तास चाललं तर अर्धा तास पाणी.

त्यांना एकच मुलगी, पुण्यात नोकरीला. तिनं तिथं आपल्या ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा मूळचा आबांच्याच शहरातला, बौद्ध घरातला, शिकलेला, निर्व्यसनी. लग्नही त्याच शहरातल्या विहारात झालं, मुद्दाम, आईवडलांना यायला सोपं म्हणून. आबा गेले नाहीत आणि काकूंनाही जाता आलं नाही. तेव्हापासून मुलगी घराची पायरी चढली नव्हती, कारण चढ असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. मधल्या काळात नात झाली, चालायला लागली, बोलायला लागली.

"पोरगं चांगलं हाय, ह्यांनाबी ठाऊक हाय," काकू एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून तयार झाले बघा. मला म्हणले, चल. मी जरीचं पातळ नेसले. फाटकापर्यंत गेलो आम्ही दोघं. तितक्यात कन्नडहून ह्यांच्या थोरल्या भावाचा फोन. काय म्हणले कुणास ठाऊक, हे नुसतं हूं हूं करत होते. मग माघारी फिरले, सदरा काढला आणि नळाची तोटी दुरुस्त करत बसले दिवसभर. तोटीला काय झालं नव्हतं हो ताई."

मला त्या दिवशी आबांची फार चीड आली. अख्ख्या जगाचा नकाशा पोरांना शिकवला आणि स्वतःला फाटक ओलांडता येईना! दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांनी माझ्या चपला वळवून ठेवल्या, त्या मी मुद्दाम सरळ केल्या.

मुलीशी माझी ओळख फोनवरच झाली. काकूंना व्हिडिओ कॉल लावता यायचा नाही, तो मी लावून द्यायची. एकदा काकू दुसऱ्या खोलीत गेल्या तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, पुढच्या रविवारी आम्ही तिघं येतोय. सासरची माणसं हल्ली मुंबईला असतात, त्यामुळं हॉटेलात उतरू. लेणी बघू, आईला तुमच्याकडं वरती भेटू आणि जाऊ. एक काम कराल? आबांकडनं बेत करून घ्या. कुणासाठी ते सांगू नका. मला आबांच्याच बेतानं फिरायचंय."

संध्याकाळी मी ओट्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आबा, पुण्याहून पाहुणे यायचेत. रविवारचा एक दिवस."

"आधी संध्याकाळ सांगा."

"माझ्याकडं वर जेवतील."

"हां. किती माणसं?"

"नवरा-बायको आणि लहान मुलगी. बालवाडीत जाते."

"लेकरू हाय म्हणजे किल्ल्यावर शेवटपर्यंत नाय. गुडघे?"

"चांगले आहेत सगळ्यांचे."

"घाट कुणाला लागतो?"

"बाईंना. मागं बसल्या की लागतो, पुढं बसल्या तर नाही."

आबा धुळीत दौलताबादचा रस्ता काढत होते. बोट थांबलं. ते माझ्याकडं बघेनात, आणि मीही त्यांच्याकडं बघेना. पुढचा प्रश्न, भुकेनं कोण चिडतं, तो त्यांनी विचारलाच नाही. तळहातानं रस्ता पुसून टाकला. "उद्या सांगतो," म्हणाले आणि आत गेले.

उद्या आला, गेला. परवाही गेला. आबांनी बेताचं नाव काढलं नाही. काकूंना मी सगळं सांगितलं होतं, त्या जेवेनात. मला वाटलं, संपलं, आपण शहाणपणा करायला गेलो आणि असलेलंही घालवलं. मुलगी वर माझ्याकडं येईल, आई चोरासारखी जिना चढून भेटायला येईल आणि बाप खाली झाडांना पाणी घालत बसेल. त्यापेक्षा ती न आलेली बरी, असंही मनात आलं.

शुक्रवारी मी बँकेतून आले तेव्हा काकूंचा फोन वाजत होता. "हां बोल गं." सवयीनं आबा उठले, झारी भरली, अंगणात गेले. मी जिन्याच्या पायरीवर थांबून बघत होते. ते जास्वंदीपाशी उभे राहिले. उभेच राहिले. मग भरलेली झारी तशीच परत आणून पिंपात रिकामी केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, मुलीचा आवाज ऐकत. काकू बोलायच्या थांबल्या, तर हातानं खूण केली, बोल, बोल.

थोड्या वेळानं जिना चढून माझ्या दारात आले.

"सकाळी दौलताबाद. ऊन तापायच्या आत. अंधाऱ्या भुयारात लेकराला नेऊ नका, वटवाघळं असतात, रात्री दचकंल. खाली उतरले की पेरू घ्या. वेरूळ दुपारी. सकाळी जाणारे वेडे. कैलासाचं तोंड पश्चिमेला हाय, दुपारनंतर उजेड आत येतो. घाटात तिला पुढं बसवा. आणि लिंबू हुंगायला देऊ नका, लोक देतात. लिंबाच्या वासानं तिला अजूनच मळमळतं. आवळासुपारी द्या."

लिंबाचं मी काही बोलले नव्हते. ते मला माहीतच नव्हतं.

"आणि जेवण, आबा?"

"जेवण खाली."

"तुमच्या घरी?"

"मग काय रस्त्यावर?" आबा खेकसले आणि धाडधाड जिना उतरून गेले. खाली काकूंना सांगितलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं. "येसर भाज. आमटीला."

येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं तिकडचं पीठ. मला त्यात एवढं काय ते कळेना. शनिवारी काकू चुलीपाशी बसून ते भाजत होत्या, डोळ्यांना पदर लावून. मी म्हटलं, धूर जातोय का? त्या म्हणाल्या, "नाय हो. येसर आमटी लग्नाच्या पंगतीत करतात आमच्याकडं. ह्यांनी आपणहून सांगितलं."

त्या आठवड्यात नळ आला नाही. आबांनी झाडांना थेंब घातला नाही, स्वतः ओल्या पंचानं अंग पुसलं, आणि रविवारी संध्याकाळी पिंप भरलेलं होतं.

दिवेलागणीला गाडी आली. आबा फाटकातच उभे, धुतलेला सदरा घालून. मुलगी पुढच्या सीटवरून उतरली. दोघं एकमेकांसमोर आले. आबा म्हणाले, "घाट लागला का?"

"नाही लागला."

"चला. पाणी तापवलंय, पाय धुवा."

जावई मागून नातीला कडेवर घेऊन आला. आबांनी त्याला हात जोडले, त्यानंही जोडले. दारात सगळ्यांच्या चपला निघाल्या. आबा वाकले, छोट्या चपलांचा जोड तेवढा उचलून कोरड्या जागी ठेवला आणि बाकीच्या होत्या तशा राहू दिल्या, घराकडं तोंड करून.

पंगत बसली. मुलगी, जावई, मधे नात, पलीकडं मी आणि माझा नवरा. काकू गरम गरम आणून देत होत्या आणि आबा वाढत होते. उभे राहून. आता हा त्यांचा रिवाज मला ठाऊक, मुलीला ठाऊक. पण जावयाला कसं कळणार? सासरा उभा आहे तो यजमान म्हणून, की आपल्या पंगतीला बसायचं नाही म्हणून? तो खालमानेनं जेवत होता, दोन घास खाऊन थांबत होता. मुलीचंही त्याच्याकडंच लक्ष. मला तर आमटीची चवही कळली नाही. आबा, आजच्या दिवस तरी बसा हो, असं ओरडावंसं वाटत होतं. पण ते सांगणारी मी कोण?

आबांनी भात वाढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "बरं, काय राहिलं बघायचं?"

"पाणचक्की राहिली," जावई म्हणाला. "मकबरा येताना बाहेरनंच बघितला. मी इथंच वाढलो, पण तुमच्या बेतानं बघितलं तेव्हा वेगळंच वाटलं सगळं."

"राहू द्या, राहू द्या," आबा म्हणाले. "राहिलेलं चांगलं."

मुलीनं ताटातून वर बघितलं. "आणि तुमचं, आबा? तुमचं काय राहिलं बघायचं?"

हा प्रश्न आबांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. ते आमटीची पळी हातात धरून उभे. पळीतून थेंब सतरंजीवर पडत होते, त्याचंही भान नाही.

"लग्न," आबा म्हणाले. "तुझं लग्न बघायचं राहिलं. सदरा घातला होता मी. फाटकातनं माघारी फिरलो."

काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या. मुलगी रडत होती, तशीच भात कालवत होती.

जावयानं छोट्या लेकीला उचलून मांडीवर घेतलं आणि आपल्या शेजारची सतरंजी हातानं झटकली. "मग बसा ना आबा," तो म्हणाला. "येसरच आहे ताटात. पंगत उठली नाय अजून."

आबांनी पळी काकूंच्या हातात दिली आणि मांडी घालून जावयाच्या शेजारी बसले.